वाईट वाढप्याची तालीम

समस्त वाचकांस, आणि त्यातही हॉटेलातून उठताना मूठभर बडीशेप खिशात घालून नेणाऱ्या वाचकांस, अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, त्या दुष्काळात आमच्या गावाला बाहेरून जी एकूण मदत मिळाली, ती एका बडीशेपेच्या बशीत मिळाली. या घटनेची मी, वाढप्याची मुलगी शकुंतला, साक्षीदार आहे आणि थोडीफार आरोपीसुद्धा आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी सुरुवातीलाच हसून घ्यावं. मी स्वतः हसत हसतच सांगणार आहे, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात मला हे सांगताच येत नाही.

आमच्या फाट्यावर वडवणीच्या एसट्या दहा मिनिटं थांबायच्या. त्या दहा मिनिटांवर संस्थेचं हॉटेल चालायचं. संस्था दुधाची होती आणि हॉटेल हे तिचं लाडकं लेकरू. दारावर पाटी होती ‘सहकारी उपाहारगृह’, पण उपाहारगृह हा शब्द आमच्या गावात फक्त रंगाऱ्याने उच्चारला असेल. पत्र्याचं छप्पर, सहा टेबलं, भट्टीची सूं सूं, कपबश्यांचा खणखणाट आणि भजे तळल्याचा वास, ह्या सगळ्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. भिंत एकच होती. सकाळी कोंबडा आरवायच्या आधी रशीदचाचा कढई घासायला लागायचे, त्या आवाजाने मी उठायची. रशीदचाचा आचारी होते. त्यांच्या हातचा मुरमुऱ्याचा सुशीला खायला लोक मुद्दाम एक गाडी सोडून देत. माझी माय तिथेच भाकरी थापायची आणि माझे आबा, एकनाथ त्यांचं नाव, वाढायचे.

आबांचं वाढणं पाहायला तिकीट लावायला हवं होतं. तरुणपणी ते हैदराबादला एका मोठ्या हॉटेलात होते आणि तिथून त्यांनी पैसा आणला नाही, पण हात आणला. एका हातावर कोपरापर्यंत पाच कपबश्या, दुसऱ्या हातात पाण्याचा जग, आणि चालणं असं की पायाखाली रूळ घातलेत. टेबल एकाच फटक्यात पुसायचे आणि फडकं खांद्यावर जायचं ते न बघता. गिऱ्हाईक बसायच्या आत ग्लास भरलेला असायचा, निम्मा झाला की पुन्हा भरला जायचा, आणि गिऱ्हाइकाला कळायचंसुद्धा नाही कोणी कधी भरला. मला म्हणायचे, “गिऱ्हाइकाला पानी मागावं लागलं, तर मंग आपुन तिथं कशाला हावोत?” हा त्यांचा सगळा वेदान्त होता. त्याच्या पुढचं त्यांनी कधी काही सांगितलं नाही.

बक्षिसीच्या बाबतीत मात्र सहकाराने त्यांचा घात केला होता. गावातला प्रत्येक जण संस्थेचा सभासद, म्हणजे प्रत्येक जण हॉटेलचा मालक. आणि मालक आपल्याच नोकराला बक्षिसी का देईल? तो उलट दोन भजी जास्त मागायचा, चहात दूध कमी असेल तर “मी मेंबर हाय बे, मला शिकवू नको” म्हणायचा आणि टेबलावर पाय घ्यायचा. आबा त्यालाही तितक्याच अदबीने वाढायचे. बक्षिसी मिळायची ती एसटीतल्या परक्या माणसांकडून. बडीशेपेच्या बशीत नाणं पडायचं. ते पडताना आबा दुसरीकडे बघायचे आणि गाडी फाटा ओलांडून जाईपर्यंत बशीला हात लावायचे नाहीत. देणाऱ्याच्या देखत उचललं तर ते मागून घेतल्यासारखं होतं, असं त्यांचं मत होतं. नाण्याऐवजी कोणी विडी ठेवायचं, कोणी चार शेंगा. एका बाजारच्या दिवशी एका म्हातारीने चहा पिऊन बशीत दोन वांगी ठेवली होती आणि जाताना आबांच्या डोक्यावरून हात फिरवला होता. त्या वांग्यांची भाजी आमच्या घरी सणासारखी झाली.

(आता माझी मुलगी मला शहरातल्या हॉटेलांत नेते. तिथे शेवटी एक छोटं यंत्र समोर धरतात आणि टीप किती टक्के ते विचारतात. धरणारा मुलगा यंत्राकडे न बघता छताकडे बघतो, तेव्हा मी मुलीच्या हातातून ते यंत्र ओढून घेते. ती म्हणते, आई, तू नाटकी आहेस. आहेच.)

पावसाने सलग दोन वर्षं तोंड फिरवलं तेव्हा आधी विहिरी गेल्या, मग संस्थेची बोअर खोकायला लागली. बाया विहिरीत उतरून वाटीवाटीने घागर भरायच्या. एक घागर भरेपर्यंत वरच्या बाईची सगळी सासू सांगून व्हायची. जनावरांनी दूध आखडलं. हॉटेलात कपबश्या विसळायला पाणी जातं म्हणून मेंबर कुरकुरायला लागले. शेवटी संस्थेचे चेअरमन, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, त्यांनी भिंतीवर पाटी लावली: ‘पाणी मागितल्यावरच मिळेल. अर्धा ग्लास.’ ती पाटी आबा रोज सकाळी पुसायचे, नेमाने, आणि पुसताना तिच्याकडे असे बघायचे जसं कोणी त्यांच्या बापाबद्दल काहीतरी लिहून ठेवलंय.

मग अप्पांनी आबांना आणि रशीदचाचांना बोलावून स्पष्ट सांगितलं. सरकारी टँकर मंजूर झाला तर हॉटेल राहील. नाही झाला तर येत्या महिन्यात कुलूप. रशीदचाचांचा भाऊ बीडला होता, त्यांचं काहीतरी जमलं असतं. आमचं म्हणजे, दोन खोल्या संस्थेच्याच होत्या, त्यामुळे हॉटेल गेलं की घर गेलं आणि घर गेलं की पुण्याला मामाकडे, जिथे मामा स्वतः एका बांधकामावर पत्र्याच्या खोपट्यात राहत होता. मी तेव्हा सोळा वर्षांची, दहावीच्या वर्गात, गॅदरिंगच्या नाटकात जिजाबाई झालेली. मला पुण्याची भीती नव्हती. मला आबांनी डोक्यावर सिमेंटचं घमेलं घेतलेलं दिसायचं आणि त्याची भीती वाटायची.

टँकरचं ठरवायला पाहणी पथक येणार होतं आणि दुपारचं जेवण आमच्या हॉटेलात घेणार होतं. आता अप्पा हे हुशार गृहस्थ. त्यांनी शेजारच्या गावांची चौकशी करून ठेवली होती. मागच्या खेपेला एका गावाने पथकाला कोंबडी आणि आमरस घातला, साहेबांनी ढेकर दिली आणि गावाचं नाव यादीत आलंच नाही म्हणे. म्हणून अप्पांनी ठराव केला की आपण वाईट जेवण द्यायचं. पातळ वरण, कोरडी भाकर, ठेचा. आणि माणशी अर्धा ग्लास गढूळ पाणी, तेही मागितल्यावर, तेही उशिरा. साहेबाच्या घशाला दुष्काळ कळला पाहिजे. सगळ्यांना हे पटलं. मग सगळ्यांचं लक्ष आबांकडे गेलं. आख्ख्या तालुक्यातला सगळ्यात चांगला वाढपी, आणि त्याने आयुष्यात एकदा वाईट वाढायचं.

“एकनाथ, जमंल का तुला?” अप्पांनी विचारलं.

आबा म्हणाले, “कधी केलं न्हाई, अप्पा.”

त्यांना शिकवायचं काम मी घेतलं. नाटकवालीच ती. तीन संध्याकाळी आमच्या ओसरीवर तालीम चालली. मी साहेब. आबांचाच पटका डोक्याला बांधून, मायची पेटी पुढे ओढून, तिच्यावर थाळी मांडून मी बसायची आणि हाक मारायची. आबांनी ऐकू न आल्यासारखं करायचं. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून ‘अहो’ निघायच्या आत ते पुढे हजर. मी सांगितलं, आबा, छताकडे बघा, कान खाजवा, जांभई द्या. त्यांनी जांभई दिली ती इतकी नम्र की त्यापेक्षा नमस्कार उद्धट वाटला असता. मग वरणाच्या वाटीत अंगठा बुडवायचं शिकवलं. त्यांचा अंगठा वाटीच्या काठापर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. माय पलीकडे ज्वारी निवडत होती, ती हसून हसून सुपावर आडवी झाली. कित्येक महिन्यांनी मी तिला तशी हसताना पाहिलं आणि मला वाटलं, आपलं सगळं चांगलंच होणार.

तिसऱ्या दिवशी त्यांना जमलं. मी तीन हाका मारल्या, ते वळले नाहीत. थाळी आपटली. पाणी मागितलं तर म्हणाले, “न्हाई पानी. हाय ते बी गढूळ हाय,” आणि निघून गेले. मी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने परसात गेले तर आबा भिंतीला टेकून बसले होते. मला जवळ बोलावून गुळाचा खडा हातावर ठेवला आणि म्हणाले, “तुला तहान लागली न्हवती ना गं खरी?” मी नाही म्हटलं तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं.

आणि आता माझा गुन्हा. ठेचा जहाल करायचं माझ्या डोक्यातून निघालं. नुसत्या अर्ध्या ग्लास पाण्याने साहेबाला काय कळणार, असा मी विचार केला. बाहेर थर्मास असेल, गाडीत बाटल्या असतील. इथे बसल्या जागी त्याचा घसा पेटला पाहिजे. मी रशीदचाचांना म्हटलं, लवंगी मिरचीचा करा, दाणे घालू नका. चाचा म्हणाले, “बेटी, हे खाऊन मानूस मरंल.” मी म्हणाले, मरणार नाही, टँकर देईल. सोळाव्या वर्षी माणूस फार हुशार असतो.

पथक आलं ते दोन जीपगाड्यांतून, दुपारी, उन्हाचा नुसता धूर होत असताना. मुख्य साहेब म्हातारे होते. पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, पाय सुजलेले, पण बोलणं मऊ. आधी त्यांनी विहीर पाहिली, कोरडं कुंड पाहिलं, जनावरांसाठी छावणी मागणाऱ्या बायांचं ऐकून घेतलं, वहीत लिहिलं. मला ते राक्षस असायला हवे होते. आत येताना चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकले आणि रशीदचाचांना सलाम केला. भाकरी वाढायचं काम माझ्याकडे होतं. अप्पा गल्ल्याजवळ हात जोडून उभे. आबांनी थाळ्या मांडल्या, अगदी शिकवल्यासारख्या, आपटून. पाणी ठेवलं नाही. पथकातल्या एकाने हाक मारली तर छताकडे बघितलं. दुसऱ्याने मारली तर कान खाजवला. अप्पांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मी मनातल्या मनात पडदा ओढायच्या तयारीत होते.

म्हाताऱ्या साहेबांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडून ठेच्यात बुडवला. भूक लागली असावी. आधी कान लाल झाले, मग मान. मग उचकी लागली, आणि ती अशी लागली की आख्खा माणूस प्रत्येक उचकीला बाकावरून उचलला जात होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी हाक मारली नाही, मारताच येत नव्हती. रागावलेही नाहीत. फक्त रिकामा ग्लास हातात घेतला, आत बघितलं आणि परत खाली ठेवला. जसं काही, नसेल तर नसेल.

आबा दोन पावलांवर उभे होते. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. अप्पाही त्या हाताकडेच बघत होते. मी मान हलवली, नाही, नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. आणखी एक उचकी आली, आणि आबांचा हात पाण्याच्या जगाकडे गेला. मी आजवर पुष्कळ नाटकं पाहिली, पण एवढ्या हळू गेलेला हात पाहिला नाही. ग्लास काठोकाठ भरला. साहेबांनी तो एका दमात संपवला, तर दुसरा भरलेला. तिसरा. जग संपला तेव्हा आबा आत गेले आणि आमच्या घरची झाकलेली घागर उचलून घेऊन आले, जी मायने पहाटेपासून विहिरीत बसून भरली होती.

एकदा हात सुटला म्हटल्यावर मग काय राहिलं. फडकं खांद्यावर गेलं, थाळ्यांखालची जागा एका फटक्यात पुसली गेली, प्रत्येकाचा ग्लास कधी भरला ते कोणाला कळलं नाही. रशीदचाचांनाही काय झालं कोण जाणे, त्यांनी आतून ठेवणीतलं दही काढलं आणि फोडणी घातली. मायने गरम भाकरी टाकायला घेतली. मी वाढत होते. आम्ही चौघे जण असे कामाला लागलो की जणू लग्न आहे, आणि खरं सांगते, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर पंगत होती. शेवटी आबांनी साहेबांच्या हातावर पाण्याची धार धरली, बारीक, एकसारखी, बोटं स्वच्छ होईपर्यंत. अप्पा खुर्चीवर बसले होते. त्यांचे जोडलेले हात आता मांडीवर पडले होते.

साहेब जाताना अप्पांचा हात हातात घेऊन हिंदीत म्हणाले की इतकी वर्षं फिरतोय, पण इतक्या प्रेमाने मला कोणी जेवू घातलं नाही. मग बडीशेप तोंडात टाकली आणि बशीत एक कोरी नोट ठेवली. मोठी नोट. आबा दुसरीकडे बघत होते. दोन्ही जीपगाड्या फाटा ओलांडून गेल्या, धूळ बसली, तरी आबांनी बशीला हात लावला नाही. माय म्हणाली, ती घरात आणायची नाही. रशीदचाचांनी मान फिरवली. अप्पा म्हणाले, मी बघितलीच नाही. ती नोट तशीच कितीतरी दिवस बशीत राहिली आणि बडीशेपेतली साखर मुंग्या तिच्याभोवतीनं वाहून नेत राहिल्या.

यादी आली तेव्हा आजूबाजूच्या चार गावांना टँकर होता. आमच्या नावापुढे ‘पाण्याची स्थिती समाधानकारक’ असं लिहिलं होतं. पुष्कळ वर्षांनी, निवृत्त झालेल्या एका कारकुनाने मला सांगितलं की अशा याद्या पथक निघायच्या आधीच टाइप होऊन पडलेल्या असत, जेवणाबिवणाचा काही संबंध नसे. असेल. मला त्याने काही दिलासा मिळाला नाही. कारण मग तर आबांनी वाईट वाढलं असतं तरी तेच झालं असतं, चांगलं वाढलं तरी तेच, आणि त्या माणसाच्या घशात मी मिरची घातली ती फुकट.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात रंगवण्यासारखं काही नाही. आम्ही पुण्याला गेलो. आबांनी घमेलं उचललं. पाठ गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. मामाने दोनदा त्यांना हॉटेलात चिकटवायचा प्रयत्न केला, ते गेले नाहीत. मी दहावीला बसले नाही. घरी पाहुणा आला तर पाणी मी द्यायची, आबा बसून राहायचे, हात मांडीखाली घेऊन.

पण जाण्याआधी सभा झाली. शाळेपुढच्या लिंबाखाली, भर सकाळी, सगळे मेंबर, आणि आम्हा बायांनाही बसू दिलं, कारण तमाशा मोठा होता. एकेक जण उठून बोलत होता. ज्याने आयुष्यात दोन भजी जास्तीची मागितली तो म्हणाला, मालकाचं नुकसान केलं. कोणी म्हणालं, नोटेसाठी केलं, हैदराबादची सवय. रशीदचाचा त्यावर ताडकन उठले, त्यांना लोकांनी खाली बसवलं. अप्पांनी मात्र शेवटपर्यंत सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. हॉटेल तर जाणारच होतं, पण गावाने निदान तोंडातून शिव्या काढू नयेत, आमच्या खोल्या पावसाळ्यापर्यंत राहू द्याव्यात, असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी आबांनी एक कारण द्यायला हवं होतं, कसलंही. मी ते लिहूनही दिलं होतं. साहेबाला हृदयाचा झटका येत होता, इथे मेला असता तर आख्खं गाव तुरुंगात गेलं असतं, असं चांगलं पाच ओळींचं भाषण. रात्रभर पाठ करून घेतलं होतं. आबांनी ते एकदाही न चुकता म्हणून दाखवलं होतं.

अप्पा म्हणाले, “एकनाथ, बोल. कावून दिलंस त्यांला आपलं पानी?”

आबा उभे राहिले. मी पहिल्या ओळीचा पहिला शब्द ओठांनी दाखवला. त्यांनी तो पाहिला. मग पटका काढून हातात घेतला, दोनशे माणसांकडे एकदा बघितलं आणि जणू कोणीतरी अगदी साधी गोष्ट विचारली आणि ती ह्या एवढ्या माणसांतल्या एकालाही कशी माहीत नाही याचंच त्यांना नवल वाटलं, अशा आवाजात एकदम बोलून गेले,

“आवो, त्यान्ला तहान लागलती.”